डिलीट केलं... पण विसरलं का?

फोटो पुसता येतो, अकाउंट बंद करता येतं. पण तुमच्यावरून जे मशीन शिकलं, त्याच्या 'डोक्यातून' तुम्हाला कसं काढायचं? मेंदूसारख्या चालणाऱ्या नव्या चिप्स येत असताना हा प्रश्न आणखी अवघड होतोय.

मनीषनगर ओलांडून बेसा रोडला लागलं की दोन्ही बाजूंना फ्लॅट स्कीम्सच स्कीम्स दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाहून नागपुरात शिकायला आलेले कितीतरी जण या भागात रूम करून राहतात. समजा, तुम्ही त्यांतलेच एक आहात. स्कीमच्या गेटवर कार्ड नाही, चेहरा दाखवायचा. जिममध्ये चेहरा, क्लासच्या हजेरीला चेहरा. तीन वर्षांनी डिग्री झाली, नोकरी लागली, रूम सोडली. डिपॉझिट परत घेतलं, टिफिनवाल्या काकूंचा हिशेब चुकता केला आणि आठवणीने गेटच्या ॲपमध्ये जाऊन 'डिलीट अकाउंट' दाबलं. स्क्रीनवर उत्तर आलं, 'तुमचा डेटा काढून टाकण्यात आला आहे.'

झालं, विषय संपला. की नाही संपला?

'काहून एवढं टेन्शन घेता, गेलं ना सगळं!' असं कुणी म्हणेलही. पण नक्की काय गेलं, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. कारण मशीनकडे तुमची आठवण एका नाही, तीन वेगवेगळ्या जागी असू शकते.

एक चेहरा, तीन थर

पहिला थर म्हणजे तुमचा फोटो. साधी फाइल. ती पुसणं सोपं.

दुसरा थर म्हणजे टेम्प्लेट. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर दर वेळी दोन फोटो शेजारी ठेवून बघत बसत नाही. ते तुमच्या चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका यादीत करतं. एखाद्या सिस्टिममध्ये १२८ आकडे, एखादीत ५१२. गेटवर तुम्ही उभे राहिलात की नवी यादी तयार होते आणि जुन्या यादीशी ताडून बघितली जाते. गेटवरची बरीचशी मशिन्स इथवरच थांबतात. तिथे टेम्प्लेट पुसलं की तुम्ही खरंच पुसले जाता. उगाच घाबरायचं कारण नाही.

तिसरा थर मात्र वेगळा आहे. मशीन बनवणाऱ्या कंपनीने 'आमची सेवा सुधारण्यासाठी' म्हणून तुमचे फोटो वापरून आपलं मॉडेलच पुन्हा शिकवलं असेल, तर? मग तुम्ही एखाद्या फाइलमध्ये राहत नाही. मॉडेलमधले जे लाखो-करोडो आकडे असतात, ज्यांना 'वेट्स' म्हणतात, त्यांतल्या प्रत्येकात तुमचा थोडा थोडा अंश मिसळलेला असतो.

सावजीचा रस्सा आठवा. रेसिपीच्या वहीतून 'लाल मिरची' लिहिलेलं पान फाडून टाकलं, म्हणून उकळलेल्या रश्श्यातला तिखटपणा जात नाही. फोटो आणि टेम्प्लेट म्हणजे वहीतली पानं. मॉडेल म्हणजे रस्सा.

'मिसळलं तर मिसळलं, त्यातून माझा चेहरा कोण बाहेर काढणार?' हा प्रश्न रास्त आहे. पण २०१५ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की चेहरे ओळखणाऱ्या साध्या मॉडेलला फक्त नाव देऊन आणि त्याची उत्तरं बघत बघत, त्या व्यक्तीच्या चेहऱ्याची ओळखू येईल अशी प्रतिमा परत तयार करता येते. म्हणजे रश्श्याची चव घेऊन मसाला ओळखणारे जगात आहेत.

जेव्हा अख्खा रस्साच ओतून द्यावा लागला

हे फक्त कागदावरचं भय नाही. अमेरिकेत 'एव्हर' नावाचं फोटो साठवायचं ॲप होतं. अकाउंट बंद केलं की फोटो काढून टाकू, असं कंपनी सांगायची. प्रत्यक्षात फोटो ठेवले गेले आणि युजर्सच्या फोटोंवर चेहरा ओळखण्याचं तंत्र विकसित केलं गेलं, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला फोटो तर पुसावे लागलेच, पण त्या फोटोंवरून तयार केलेली मॉडेल्स आणि अल्गोरिदमही नष्ट करावे लागले.

एका छोट्या कंपनीचं मॉडेल ओतून देणं एक वेळ शक्य आहे. पण जे मॉडेल शिकवायला आठवडे, महिने आणि कोट्यवधी रुपये लागतात, ते एका माणसाच्या अर्जावरून कोण फेकून देईल? आणि उद्या दुसऱ्याने अर्ज केला, की परत पहिल्यापासून?

इथूनच 'मशीन अनलर्निंग' या विषयाची सुरुवात झाली. अनलर्निंग म्हणजे शिकलेलं विसरायला लावणं. बाकी सगळं शाबूत ठेवून फक्त एका माणसाचा डेटा असा काढायचा, की मॉडेलने तो कधी पाहिलाच नव्हता असं वाटावं. २०१५ मध्ये यिनझी काओ आणि जुनफेंग यांग यांनी या नावाने पहिला ठळक प्रबंध मांडला. त्यानंतर दोन प्रकारचे रस्ते पुढे आले.

पहिला रस्ता, वेगवेगळी पातेली. टोरोंटो आणि विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुचवलं की सगळा डेटा एका मॉडेलला देऊच नका. त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर वेगळं छोटं मॉडेल शिकवा आणि शेवटी सगळ्यांचं मत घेऊन उत्तर द्या. कुणी 'मला काढा' म्हटलं, तर ज्या पातेल्यात तो आहे तेवढंच नव्याने शिजवायचं. हा प्रामाणिक उपाय आहे, पण त्याची तयारी आधीपासून हवी. एकदा सगळं एकाच पातेल्यात टाकल्यावर याचा उपयोग नाही.

दुसरा रस्ता, ढ मास्तर. हा भारतीय संशोधकांनी सुचवलेला आहे. विक्रम चुंडावत, आयुष तरुण, मुरारी मंडल आणि मोहन कंकनहळ्ळी यांनी २०२३ मध्ये एक मजेदार पद्धत मांडली. मॉडेलला दोन शिक्षक द्यायचे. जे लक्षात ठेवायचं, ते हुशार शिक्षकाकडून, म्हणजे मूळ मॉडेलकडून. जे विसरायचं, ते अशा शिक्षकाकडून ज्याला काहीच येत नाही, कारण त्याची सगळी वेट्स रँडम आहेत. ढ मास्तरच्या नादी लागून विद्यार्थी नेमका तेवढाच धडा विसरतो. ही पद्धत वेगवान आहे, पण विसरणं किती खोलवर झालं, ते नंतर तपासून बघावं लागतं.

मेंदूची नक्कल करणारी चिप

आजचं बहुतेक एआय ज्या न्यूरल नेटवर्कवर चालतं, त्यातला कृत्रिम न्यूरॉन हा मेंदूतल्या न्यूरॉनचा अगदी दूरचा नातेवाईक आहे. तो सतत आकडे देत-घेत बसतो. आपल्या मेंदूतले सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन तसं करत नाहीत. ते बहुतांश वेळ गप्प असतात, पुरेसं कारण मिळालं की एक छोटा विद्युत ठोका देतात आणि परत गप्प. या ठोक्याला म्हणतात 'स्पाइक'. म्हणूनच मेंदू साधारण २० वॉटवर चालतो, एखाद्या एलईडी ट्यूबएवढ्या विजेवर.

ही नक्कल जास्त इमानाने करणारी जाळी म्हणजे स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क. तळाला बारीक भोक असलेली बादली डोळ्यांसमोर आणा. वरून थेंब पडतात, खालून हळूहळू गळतात. थेंब पटापट पडले तर बादली भरते, ठरावीक रेघेपर्यंत पाणी आलं की ती धाडकन उलटी होते आणि परत रिकामी. ते उलटणं म्हणजे स्पाइक. इथे थेंब किती पडले एवढंच नाही, कधी पडले हेही महत्त्वाचं असतं.

अशा जाळ्यांसाठी वेगळ्या चिप्स बनतात. त्यांना न्यूरोमॉर्फिक चिप म्हणतात. आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये १० लाख न्यूरॉन होते आणि ती जेमतेम ७० मिलिवॉटवर चालायची. इंटेलने २०२४ मध्ये हाला पॉइंट ही सिस्टिम उभी केली, तिच्यात १.१५ अब्ज कृत्रिम न्यूरॉन आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ब्रेनचिप कंपनीची अकिडा चिप तर बाजारात आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांचा गट यावर काम करतो. क्वांटम टनेलिंगने वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह वापरून कमीत कमी विजेत स्पाइक देणारा न्यूरॉन या गटाने करून दाखवला आहे.

कमी वीज म्हणजे काय, ते लक्षात घ्या. अशी चिप कॅमेऱ्यात, घड्याळात, कानातल्या इअरबड्समध्ये बसू शकते. डेटा क्लाउडला पाठवायची गरज नाही. अकिडा किंवा इंटेलची लोइही यांसारख्या चिप्स तर जागेवरच नवीन गोष्ट शिकू शकतात. प्रायव्हसीच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी वाटते. तुमचा चेहरा गेटबाहेर जाणारच नाही.

पण विसरायची वेळ आली की हीच चांगली बातमी अडचण बनते.

हिशेबाची वहीच नाही

पहिली अडचण गणिताची. अनलर्निंगच्या अनेक पद्धती एकाच प्रश्नावर उभ्या आहेत. या माणसाच्या डेटाने हे वेट किती हललं? ते काढायला कॅल्क्युलस लागतं, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात घाम फोडणारं तेच डेरिव्हेटिव्ह. पण स्पाइक एक तर आहे किंवा नाही. मध्ये उतार नाही, सरळ कडा आहे. बहुतेक ठिकाणी डेरिव्हेटिव्ह शून्य आणि कड्यावर ते काढताच येत नाही. शिकवताना यावर तोड म्हणून खऱ्या कड्याच्या जागी एक खोटा उतार धरतात. शिकवायला हा अंदाज पुरतो. पण 'या माणसाचा नेमका एवढाच वाटा काढा' म्हटलं की अंदाजावर अंदाज चढतो.

दुसरी अडचण शिकण्याच्या रीतीची. काही स्पाइकिंग जाळी मेंदूसारखीच स्थानिक नियमाने शिकतात. एका न्यूरॉनने ठोका दिला आणि लगेच पुढच्याने दिला, तर दोघांतला दुवा घट्ट होतो. क्रम उलटा झाला, तर दुवा सैल होतो. कोणतंही मुख्य कार्यालय नाही, कुणाच्या येण्याने कोणता दुवा किती बदलला याची नोंद नाही. शिवाय क्रमाला महत्त्व. तुम्ही सकाळी आठला गेटवर आलात, त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचं शिकणं तुमच्यामुळे बदललेल्या दुव्यांवर झालं. आता फक्त तुमचे थेंब बाहेर काढायचे तर कसे?

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. नव्याने शिकवायचं म्हटलं तर बाकीच्यांचा मूळ डेटा हवा. पण 'आम्ही तुमचा डेटा साठवतच नाही' हेच तर या चिप्सचं वैशिष्ट्य! डेटा न ठेवणं ही प्रायव्हसी आणि डेटा न ठेवल्यामुळे विसरता न येणं, ही प्रायव्हसीचीच अडचण. फॅक्टरी रिसेट केलं तर तुम्ही नक्की पुसले जाल, पण तुमच्याबरोबर अख्खी स्कीमसुद्धा. मग तुमच्या एका अर्जासाठी सगळ्या फ्लॅटवाल्यांनी परत रांगेत उभं राहायचं, आणि सेक्रेटरी काका ते करतील का, हे तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे 'अनलर्निंग' हा शब्द मेंदूच्या अभ्यासात चाळीस वर्षांपूर्वीच आला होता. जुलै १९८३ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख होते. डीएनएची रचना शोधणारे फ्रान्सिस क्रिक यांनी ग्रॅम मिचिसन यांच्यासोबत मांडलं, की स्वप्नांच्या झोपेत मेंदू नको असलेल्या जोडण्या पुसत असावा. त्याच अंकात जॉन हॉपफिल्ड आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम जाळ्यावर दाखवलं, की थोडं 'अनलर्निंग' केलं तर खोट्या आठवणी कमी होतात आणि खऱ्या जास्त नीट आठवतात. या हॉपफिल्डना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांचा प्रश्न स्मरणशक्ती सुधारण्याचा होता. कुणाच्या तरी अर्जावरून एकच माणूस विसरायचा, हे काम मेंदूलाही जमत नाही. जमत असतं तर ब्रेकअपनंतर इतकं रडावं लागलं नसतं.

पेपर फुटला होता का?

मशीन खरंच विसरलं, हे सिद्ध कसं करायचं? याची एक परीक्षा आहे, आणि ती कॉलेजातल्या कुणालाही समजेल. ज्याने फुटलेला पेपर आधी पाहिलाय, तो त्या प्रश्नांना संशय यावा इतक्या आत्मविश्वासाने उत्तरं देतो. मॉडेलचंही तसंच. शिकताना पाहिलेल्या डेटावर ते जास्त ठाम असतं. २०१७ मध्ये रेझा शोकरी आणि सहकाऱ्यांनी हाच फरक पकडून, अमुक माणसाचा डेटा ट्रेनिंगमध्ये होता की नव्हता, हे ओळखून दाखवलं. अनलर्निंगनंतर हीच परीक्षा घेतात. ठामपणा गेला, तर विसरलं म्हणायचं.

२०२४ मधल्या एका तुलनात्मक अभ्यासात या परीक्षेत स्पाइकिंग जाळी नेहमीच्या जाळ्यांपेक्षा कमी गळकी निघाली, ही दिलाशाची बाब. पण कमी गळणं म्हणजे न गळणं नव्हे. आणि एक पेचही आहे. विसरण्याआधीचं मॉडेल आणि नंतरचं मॉडेल, दोन्ही एखाद्याच्या हाती लागली, तर दोघांतला फरक बघून नेमकं कोण गेलं तेच कळू शकतं. पुसल्याची खूण हीच ओळख पटवते.

कायदा काय म्हणतो?

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. त्यांनी आपलं स्वतंत्र मतही लिहिलं. पुढे ते सरन्यायाधीश झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे आपला डेटा पुसून मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील, असं वेळापत्रक आहे.

आता यातल्या फटी बघा. एक, कायदा 'वैयक्तिक डेटा' पुसायला सांगतो, पण त्यावरून शिकलेल्या मॉडेलबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलं नाही. युरोपात हा प्रश्न निदान विचारला गेलाय. तिथल्या डेटा संरक्षण मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की वैयक्तिक डेटावर शिकलेलं मॉडेल दर वेळी 'निनावी' मानता येणार नाही, प्रत्येक प्रकरण तपासावं लागेल.

दोन, तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या डेटाला हा कायदाच लागू नाही. इन्स्टाचं पब्लिक अकाउंट, त्यावरचे रील्स, कॉलेज फेस्टचे फोटो, सगळं आलं त्यात.

तीन, पुसून मागण्याचा हा हक्क सरकारी यंत्रणांसमोर चालत नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी तर आणखी सूट आहे. नागपुरात राहणाऱ्यांना हे माहीत हवं, कारण राज्य पोलिसांसाठी एआय आणणारी 'मार्व्हल' ही सरकारी कंपनी २०२४ मध्ये इथेच सुरू झाली. पोलिसांनी एआय वापरू नये, असा याचा अर्थ नाही. सायबर फ्रॉडमध्ये पैसे गेलेल्या कुणालाही तपास लवकर झालेला हवाच असतो. पण ज्याची चौकशी झाली आणि काहीच निघालं नाही, त्याला मशीनने कधी विसरायचं, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

विसरण्याची सोय आधी

या सगळ्याचा अर्थ एवढाच, की विसरणं नंतर जोडता येत नाही. ते आधीच बांधावं लागतं. स्कीमचा नकाशा पास करताना फायर एक्झिट दाखवावी लागते, आग लागल्यावर भिंत फोडत बसत नाहीत. तसंच इथे. गेटवरच्या चिपमध्ये प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे न्यूरॉन राखून ठेवले आणि बाकीचं जाळं गोठवून ठेवलं, तर एक माणूस काढणं म्हणजे तेवढे न्यूरॉन काढणं. अवघड प्रश्न सोपा होतो, पण फक्त डिझाइन करताना कुणी तो विचारला असेल तरच.

तो विचारणारे तुम्हीच असू शकता. गेटवर, जिममध्ये, क्लासमध्ये चेहरा मागितला, तर तीन गोष्टी विचारा. फोटो ठेवता की फक्त टेम्प्लेट? माझ्या डेटावर तुमचं मॉडेल शिकतं का? मी गेल्यावर काय काय पुसणार, आणि ते पुसलं हे मला कसं दाखवणार? उत्तर 'असू द्या ना, सगळेच देतात' असं आलं, तर कार्ड मागा. आणि फॉर्मवरचं 'सेवा सुधारण्यासाठी डेटा वापरू द्या' हे टिकमार्क वाचल्याशिवाय ठेवू नका.

इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला यंदाही फेस अटेंडन्सच करणार असाल तर करा. पण त्यात एक मॉड्यूल वाढवा, 'विसरा' नावाचं. एसएनएनटॉर्चसारखी मोफत लायब्ररी घेऊन साध्या लॅपटॉपवर छोटं स्पाइकिंग जाळं शिकवता येतं. एका व्यक्तीला त्यातून काढा आणि पेपरफुटीची परीक्षा घेऊन बघा. लॉ कॉलेजवाल्यांनो, कलम १२ मधलं 'पुसणं' मॉडेलला लागू होतं का, हा मूट कोर्टाचा तयार विषय आहे. या प्रश्नाचं पक्कं उत्तर अजून कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. ते लिहिण्याचं काम अजून शिल्लक आहे.